कॅराव्हॅनची टाकी कोण रिकामी करणार?

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केले. त्याच वर्षी केरळ सरकारनेही तसेच धोरण आणले. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने कॅराव्हॅन आणि कॅराव्हॅन पार्कसंबंधी आखलेले धोरण तर त्याही आधीचे आहे. चाकावरचे घर घ्या, हवे तिथे मुक्काम करा, हॉटेलवाल्याची मिजास सहन करू नका, असा हा सगळा थाट आहे. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणाऱ्या उद्योजकाला मुद्रांक शुल्क, वस्तू व सेवा कर आणि वीज शुल्क यांत सवलतीही देऊ केल्या आहेत. या गाडीत पलंग असतो, ओटा असतो, फ्रीज असतो आणि शौचालय असते. जाहिरातीच्या चित्रात हे सगळे छान दिसते. फक्त त्या शौचालयाखालची टाकी दिसत नाही. ही टाकी दोन-चार दिवसांत भरते. भरल्यावर ती कोठे रिकामी करायची आणि कोणी करायची, एवढाच प्रश्न आम्हाला येथे विचारायचा आहे. हा कसला घाणेरडा प्रश्न, असे कोणाला वाटेल. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी दुसऱ्यांची घाण टोपलीत भरून डोक्यावरून वाहिली, त्यांना तसे वाटण्याचे कारण नाही.

ज्या देशांत ही गाडी जन्माला आली तेथे काय चालते ते आधी पाहू. तेथे गाडीतल्या पाण्याचे दोन भाग करतात. भांडी घासण्याचे आणि आंघोळीचे सांडपाणी वेगळे, त्याला ते राखाडी पाणी म्हणतात. शौचालयातले मैलापाणी वेगळे, त्याला काळे पाणी म्हणतात. (आपल्याकडे काळे पाणी म्हटले की अंदमान आठवते.) अमेरिकेतल्या मोठ्या गाड्यांना खाली पक्की टाकी असते. तिच्यात शंभर-दीडशे लिटर मैला मावतो आणि तो जाड नळी जोडून सोडावा लागतो. युरोप आणि ऑस्ट्रेलियात बहुतेक गाड्यांत साधारण वीस लिटरची काढता येणारी टाकी असते. गाडीच्या बाजूचे दार उघडायचे, प्रवासी बॅगेसारखी ती टाकी ओढून काढायची आणि ठरलेल्या जागी नेऊन ओतायची. या ठरलेल्या जागेला कोठे डंप पॉइंट म्हणतात, कोठे डंप स्टेशन. त्यात फार मोठे शास्त्र नाही. उताराची सिमेंटची फरशी, मधोमध झाकण असलेले भोक, ते जोडलेले गटाराला किंवा सेप्टिक टाकीला, शेजारी टाकी विसळायचा नळ आणि त्यावर ‘हे पाणी पिण्याचे नाही’ अशी पाटी. पिण्याच्या पाण्याचा नळ यापासून वेगळा आणि लांब. आधी मैला सोडायचा, मग सांडपाणी सोडायचे, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते.

लांबच्या प्रवासात ही जागा शोधणे हेच मोठे काम असते. ऑस्ट्रेलियात नॉर्समन ते सेडुना हा नलारबोर मैदानातून जाणारा रस्ता सुमारे बाराशे किलोमीटरचा आहे. मुंबई-नागपूर अंतराची दीडपट होईल एवढे हे अंतर, आणि मध्ये पेट्रोल-खानावळीची तुरळक ठाणी सोडली तर वस्ती जवळजवळ नाही. अशा रस्त्यावर निघणारा माणूस डिझेलचा हिशेब करतो तसाच टाकीचाही करतो. कोणत्या गावात डंप पॉइंट आहे, तेथपर्यंत टाकी पुरेल काय, हे निघण्यापूर्वी पाहून ठेवतो. त्यासाठी त्याला कोणाच्या पाया पडावे लागत नाही. तेथील केंद्र सरकारने देशातल्या सार्वजनिक शौचालयांचा राष्ट्रीय नकाशाच करून ठेवला आहे. ज्यांना लघवी-शौच रोखता येत नाही अशा आजारी माणसांसाठी आरोग्य खात्याने चालविलेला हा उपक्रम आहे, आणि त्याच नकाशात डंप पॉइंटही दाखविले आहेत. गाडीवाल्यांची जी राष्ट्रीय संघटना आहे ती लहान गावांच्या पालिकांना डंप पॉइंट बसविण्यासाठी मदत देते. ज्या गावात डंप पॉइंट, पिण्याचे पाणी आणि गाडी उभी करायला जागा असेल त्याला ही संघटना ‘गाडीवाल्यांचे मित्रगाव’ अशा अर्थाचा दर्जा देते. पालिकेलाही ते हवे असते. टाकी रिकामी करायला थांबलेला माणूस गावात पाव-भाजी घेतो, डिझेल भरतो, चार पैसे टाकून जातो.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने आणखी सरळ मार्ग काढला. अशा गाडीच्या वार्षिक नोंदणीबरोबर तीन डॉलर मैला-निचरा शुल्क घ्यायचे आणि त्यातून महामार्गावरच्या विश्रांतिस्थळांवरील डंप स्टेशनचा खर्च भागवायचा. घाण ज्याची, खर्च त्याचा. इतर अनेक ठिकाणी ट्रक थांब्यांवर पैसे भरून टाकी रिकामी करता येते. राष्ट्रीय उद्यानांच्या अनेक तळांवरही तशी सोय असते.

आता यातली आमच्या दृष्टीने खरी महत्त्वाची गोष्ट. या सगळ्या देशांत टाकी रिकामी करतो तो गाडीत बसलेला माणूस स्वतः. तो डॉक्टर असो, प्राध्यापक असो, निवृत्त न्यायाधीश असो, हातमोजे घालून, नळी जोडून, स्वतःच्या कुटुंबाचा मैला तो स्वतः ओततो आणि टाकी विसळून ठेवतो. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेली आपली मराठी अभियंता मंडळीही सुटीत अशी गाडी भाड्याने घेऊन यलोस्टोनला जातात. तेथे तेही निमूटपणे हेच करतात, कारण टाकी न धुता गाडी परत केली तर भाड्याने देणारी कंपनी वेगळे पैसे कापते. त्यात कोणाचा धर्म बुडाल्याचे ऐकिवात नाही. मग हाच गृहस्थ सहार विमानतळावर उतरला की त्याचे हात एकदम पवित्र कसे होतात? महासागरापलीकडे न बाटणारे हात येथे येऊन का बाटतात? उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. तेथे ‘बोलवा त्याला’ म्हणून बोलवायला जात नाही. येथे आहे.

ते देश म्हणजे स्वर्ग, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. न्यूझीलंडमध्ये फुकट मुक्काम करणाऱ्या गाडीवाल्यांनी समुद्रकिनारे आणि रस्त्याच्या कडा घाण केल्या म्हणून स्थानिक लोक चिडले. २०११ साली तेथे यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. तरीही लोक पलंगाखाली डबा ठेवून ‘आमच्याकडे शौचालय आहे’ म्हणू लागले, तेव्हा २०२३ साली कायदा आणखी कडक झाला आणि पक्के बसविलेले शौचालय असेल तरच गाडीला स्वयंपूर्णतेचे प्रमाणपत्र, असे ठरले. तेथील मानकाप्रमाणे गाडीने किमान तीन दिवस बाहेर काहीही न सोडता राहिले पाहिजे. म्हणजे माणूस तेथेही चुकारच आहे. फरक एवढाच की तेथील कायद्याने चुकार माणसाला पकडले, त्याची घाण उचलायला तिसऱ्या माणसाला जुंपले नाही.

आपल्या महामार्गांवर डंप पॉइंटचे जाळे नाही. समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हा ट्रकचालकांना आणि प्रवाशांना साध्या मुतारीसाठी वणवण करावी लागत होती. जेथे माणसाच्या देहधर्माचा विचार रस्ता आखताना होत नाही तेथे गाडीच्या टाकीचा कोण करणार? शिवाय आपल्याकडे अशी गाडी अनेकदा चालकासह भाड्याने मिळते. चालकाबरोबर एखादा पोऱ्याही असतो, त्याला आपण क्लिनर म्हणतो. तेव्हा टाकी भरल्यावर साहेब चहा घेत बसणार आणि टाकी चालकाच्या किंवा क्लिनरच्या वाट्याला येणार, हे सांगायला ज्योतिषी नको. तो बिचारा करणार काय? घाटात आडवळणाला गाडी लावून झडप उघडणार, नाहीतर ओढ्यात, नाहीतर पावसाळी गटारात सोडणार. खाली वाडीचे पाणी भरायचे ठिकाण असेल, आणि ती वाडी कोणाची असेल तेही आपण जाणतो. गावाच्या खालच्या अंगाला कोणाला वसविले जाते हे आम्ही पुस्तकातून शिकलेलो नाही.

कॅराव्हॅन पार्कमध्ये तरी काय होईल? पार्कवाला एक सेप्टिक टाकी बांधेल आणि सगळ्या गाड्यांचा मैला तीत जाईल. ती टाकी वर्ष-दोन वर्षांत गच्च होईल. मग पैसे वाचविण्यासाठी जवळच्या वस्तीतून दोन पोरांना बोलावले जाईल, झाकण उघडले जाईल आणि एक पोरगा आत उतरेल. आत हायड्रोजन सल्फाइड असतो, मिथेन असतो. पहिला बेशुद्ध पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो आणि दोघेही जातात. अशा बातम्या वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत येतात. मृतांची आडनावे वाचली की जात विचारावी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई ठरविली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. भरपाई वाढली हे चांगलेच झाले, पण ती मेल्यावर मिळते.

येथे कायद्याकडे बारकाईने पाहिले पाहिजे. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा आपल्या चळवळीच्या दीर्घ लढ्यातून आलेला आहे. १९९३ च्या कायद्यापेक्षा तो पुष्कळ पुढे गेला. सेप्टिक टाकी आणि गटाराची धोकादायक सफाई करून घेणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. मैला पूर्णपणे कुजून जाण्यापूर्वी तो हाताळण्याचे काम ज्याला दिले जाते तो या कायद्याच्या व्याख्येत येतो. त्यासाठी जागा सांगितल्या आहेत त्या अशा: अस्वच्छ शौचालय, मैला सोडलेले उघडे गटार किंवा खड्डा, रेल्वेमार्ग आणि केंद्र किंवा राज्य सरकार अधिसूचनेने ठरवील अशा इतर जागा. गाडीची टाकी यात थेट लिहिलेली नाही. व्याख्येच्या शेवटी एक पळवाटही आहे. सरकारने अधिसूचित केलेली साधने आणि संरक्षक साहित्य देऊन मैला साफ करून घेतला तर तो माणूस मैला साफ करणारा ‘समजला जाणार नाही’. रेल्वेच्या डब्यातील शौचालयालाही असाच अपवाद दिला होता. रबरी हातमोजा दिला की माणूस कागदावर मुक्त होतो! उद्या एखाद्या पार्कवाल्याने क्लिनरच्या हातात हातमोजे देऊन ‘आम्ही कायदा पाळला’ म्हटले, तर त्याला धरणे सोपे जाणार नाही. अनुसूचित जातीच्या माणसाला या कामाला लावणे हा अ‍ॅट्रॉसिटी कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीनंतर स्वतंत्र गुन्हा आहे, हे खरे. पण तक्रार कोण देणार? ज्याची रोजी त्या पार्कवर आहे, तो?

उपाय त्याच व्याख्येत आहे. ‘इतर जागा’ अधिसूचित करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन, कॅराव्हॅन पार्क आणि डंप पॉइंट या जागा अधिसूचित कराव्यात. त्याला विधिमंडळात नवा कायदा करावा लागत नाही, केंद्राची वाट पाहावी लागत नाही. त्याचबरोबर नोंदणीच्या अटींत स्पष्ट लिहावे की टाकी रिकामी करण्याचे काम गाडी वापरणाऱ्याचे आहे. गाडी भाड्याने देणाऱ्याने ते चालक-क्लिनरवर ढकलले तर नोंदणी रद्द आणि दिलेल्या सवलती परत. ज्याला स्वतःच्या टाकीला हात लावायचा नाही त्याने हॉटेलात राहावे, हॉटेले पुष्कळ आहेत.

रेल्वेचा अनुभव येथे उपयोगी पडण्यासारखा आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ या देशातले लांब पल्ल्याचे प्रवासी रुळांवर मैला टाकत गेले आणि रुळांवरून तो खराट्याने, पाण्याच्या फवाऱ्याने काढणारी माणसे आपल्याच वस्त्यांतून येत राहिली. संघटनांनी न्यायालयात आणि रस्त्यावर लढा दिला. शेवटी डब्यांखाली जैव-शौचालये बसविण्याचा मोठा कार्यक्रम रेल्वेने हाती घेतला आणि सुमारे ७३ हजार डब्यांत अडीच लाखांहून अधिक जैव-शौचालये बसली. मैला टाकीतच जिवाणूंकडून कुजवायचा, अशी ही रचना आहे. ती निर्दोष नाही. महालेखापरीक्षकांनी २०१७ सालीच तुंबणे, दुर्गंधी यांच्या ढीगभर तक्रारी नोंदविल्या होत्या. तुंबलेले शौचालय मोकळे करायला पुन्हा कंत्राटी कामगारच येतो. तरीही जे रेल्वेला कोट्यवधी प्रवाशांसाठी करता आले ते काही थोड्या चैनीच्या गाड्यांसाठी करता येत नाही, असे कोणी सांगू नये.

आणि डंप पॉइंटमधून निघालेला मैला शेवटी जाईल कोठे? याचे उत्तर महाराष्ट्रातच आहे. वाई आणि सिन्नर या दोन नगरपरिषदांनी लोकांच्या सेप्टिक टाक्या ठरावीक वर्षांनी, तक्रारीची वाट न पाहता, यंत्राच्या टँकरने उपसण्याची पद्धत सुरू केली आणि त्या गाळासाठी प्रक्रिया केंद्रे उभारली. माणूस टाकीत उतरत नाही, गाळ ओढ्यात जात नाही. नकाशा उघडून पाहा. वाई पाचगणी-महाबळेश्वरच्या रस्त्यावर आहे, सिन्नर शिर्डीच्या वाटेवर आणि समृद्धी महामार्गाच्या शेजारी. या दोन केंद्रांना जोडून डंप पॉइंट बांधायला किती खर्च येईल? वीस लिटरची टाकी म्हणजे अशा केंद्राच्या दृष्टीने चिमूटभर भर. एक दक्षता मात्र घ्यावी लागेल. गाडीच्या टाकीत वास मारण्यासाठी जे निळे रसायन टाकतात त्यात पूर्वी फॉर्माल्डिहाइड सर्रास असे, काहींत आजही असते. ते सेप्टिक टाकीतल्या उपयोगी जिवाणूंनाच मारते. जिवाणूंना न मारणारी रसायने बाजारात मिळतात, तीच वापरण्याची सक्ती नोंदणीच्या वेळीच करावी.

शेजारच्या गोव्याने दुसरी वाट धरली. बसमधून येऊन रस्त्याच्या कडेला चूल मांडणाऱ्या, किनाऱ्यावर घाण करणाऱ्या पर्यटकांविरुद्ध तेथे संताप होता. सरकारने २०१९ साली उघड्यावर स्वयंपाक करण्यास आणि दारू पिण्यास दोन हजारांचा दंड लावला. दंड लावायला आमची हरकत नाही. पण जागा न देता नुसता दंड लावला की तो कोणाकडून वसूल होतो? आलिशान कॅराव्हॅनवाल्याकडून, की उसनवारी करून बसने समुद्र पाहायला आलेल्या गिरणगावातल्या, मराठवाड्यातल्या कुटुंबाकडून?

यावरून आणखी एक गोष्ट आठवते. चाकावरचे घर या महाराष्ट्राला नवे नाही. घिसाडी, गाडी लोहार, नंदीवाले पिढ्यान्पिढ्या गाडीवर संसार लादून फिरत आले. अनेक भटक्या जमातींच्या फिरण्याला १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगारी ठरविले आणि तो शिक्का १९५२ मध्ये कायद्याने पुसला गेला तरी पोलीस ठाण्यातल्या नजरेतून अजून पुसलेला नाही. बीडची ऊसतोड कुटुंबे दर हंगामाला बैलगाडी-ट्रॅक्टरवर बिऱ्हाड लादून शेकडो किलोमीटर जातात. फडाशेजारी पालात राहणाऱ्या त्या बायांना पहाटे अंधारात उसाच्या आडोशाला जावे लागते. तेच फिरणे, तोच उघड्यावरचा मुक्काम. एकाला हुसकावून लावतात, दुसऱ्याला मुद्रांक शुल्कात सूट. म्हणून डंप पॉइंट बांधायचे तर ते फक्त कॅराव्हॅनसाठी कुलूप लावून बांधू नयेत. त्याच जागी, त्याच निचऱ्यावर, रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही वापरता येईल असे पाण्याचे शौचालय हवे. ट्रकवाला, ऊसतोडीचा ट्रॅक्टर, पालवाला, सगळ्यांसाठी.

ग्रामपंचायतींमधून, नगरपरिषदांमधून आपले कार्यकर्ते निवडून गेलेले आहेत. कॅराव्हॅन पार्कच्या ना-हरकतीचा कागद आज ना उद्या त्यांच्यापुढे येईल. रोजगार येणार, गावाचा विकास होणार, असे गोड बोलले जाईल. सही करण्यापूर्वी आराखडा मागावा आणि त्यात डंप पॉइंट कोठे दाखविला आहे ते बोट ठेवून पाहावे. तेथून नळ कोठे जातो, गावाची विहीर किती अंतरावर आहे, गाळ उपसणारा टँकर कोणाचा आणि तो कोणत्या प्रक्रिया केंद्रावर रिकामा होणार, याचा करार मागावा. पार्कवर किती माणसे कामाला ठेवणार आणि त्यातल्या कोणाच्या कामात मैला येतो, हे लेखी घ्यावे. त्या शेवटच्या रकान्यात एकही नाव असेल तर कागद परत पाठवावा.